सात अक्षरांचे मास्तर

मास्तर बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत. ते त्याच्या तोंडाकडे बघत. ओठ कसे मिटतात, जीभ दाताला कुठे लागते, हनुवटी किती खाली येते, हे बघताना त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलायची आणि समोरच्याला वाटायचं, आपल्या दातांत काही अडकलं आहे की काय. नव्या सुना तर पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. गावाने त्यांना 'तोंडपाहे मास्तर' असं नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, "नाव खरं आहे. डोळे काय, खोटंही बोलतात. तोंडाला ते जमत नाही. प म्हणायचा तर ओठ मिटावेच लागतात."

मी लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा चौदा वर्षांची होते. आमच्या घरचे संस्थानच्या जंगलखात्यात कारकून होते. आमच्या समोरच्या दोन खोल्यांत मास्तर राहत. दरबारच्या शाळेत ते खालच्या वर्गांना शिकवत. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. बायको बाळंतपणात गेली होती आणि मुलगी टाळूला भोक घेऊन जन्माला आली होती.

बाहेरून बघून काही कळत नसे. नाकडोळे नीटस, ओठ धड. पण पाणी प्यायली की ते नाकातून परत यायचं, आणि बोलायला गेली की तोंडातून नुसता हुंकार निघायचा. मास्तरांनी तिला मुंबईला नेऊन दाखवली होती. टाळू शिवता येईल, पण एवढ्या लहान जिवाची हमी देत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर मुलीला खांद्यावर टाकून परत आले. नाचणीची पेज चांगली घट्ट शिजवून, तिला पाठीशी उशी देऊन बसवून, बोटभर बोटभर भरवायचे. एका वाटीला तास लागायचा.

तिचं पाळण्यातलं नाव गोदावरी. चौथ्या वर्षी मास्तरांनी ते बदलून यमुना ठेवलं. मी विचारलं, "असं मध्येच का हो?" तर म्हणाले, "वहिनी, माणसाला निदान स्वतःचं नाव तरी घेता यायला पाहिजे. ग आणि द तिच्या तोंडात नाहीत. य, म, न आहेत." आणि खरंच, ते नाव ती स्पष्ट घ्यायची. कोणी विचारलं नाही तरी घ्यायची. ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या बैलांनासुद्धा सांगायची, "यमुना."

तिच्या तोंडात काय आहे आणि काय नाही, हे मास्तरांनी आरशाच्या एका तुकड्याने शोधलं होतं. तो तुकडा तिच्या नाकाखाली धरायचा आणि एकेक अक्षर म्हणायला लावायचं. क म्हणताना काच धुरकट झाली, म्हणजे वारा नाकातून निसटला आणि अक्षर फुकट गेलं. "ज्या अक्षराला तोंडात वारा कोंडावा लागतो, ते तिचं नाही," असं ते म्हणत. क नाही, च नाही, ट, त, प कोणीच नाही. दोन वर्षं बाराखडी चाळून हाती राहिली ती सात अक्षरं: म, न, ङ, य, ल, व, ह. वर अ, आ, इ, उ, ए, ओ हे स्वर. एवढ्या सामानात मास्तरांनी मुलीसाठी भाषा बांधायला घेतली.

मी म्हटलं, "सात अक्षरांत काय होणार?" तर म्हणाले, "सात सुरांत गाणं होतं ना? सातात संसार होतो, वहिनी. काटकसर पाहिजे."

तिला ऐकायला सगळं कळत होतं. शेजारपाजारचं मराठी, बाजारातली बोली, सगळं. बोललेलं मात्र कोणाला कळत नव्हतं. पाच वर्षांची झाली तशी ती चिडायला लागली. काहीतरी मागायची, आम्ही भलतंच द्यायचो, मग ती जमिनीवर डोकं आपटायची. मास्तरांची भाषा सुरू झाल्यावर हे थांबलं. पाण्याला 'युला', भाकरीला 'मोहा', घराला 'ओले'. एकेक शब्द आधी यमुनेच्या तोंडात घालून बघायचा, तिला सहज आला तर वहीत उतरवायचा, नाहीतर टाकून द्यायचा. कित्येकदा शब्द तीच सुचवायची. चिमणीला 'ङीङी' हा तिचाच शब्द. मास्तरांनी वहीत त्यापुढे तिचं नाव लिहिलं होतं.

पण शब्द लवकर संपायला लागले. सात अक्षरांचे दोन-दोन जोडले तरी किती होणार? सुटीच्या दिवशी मास्तर पायी हिंडायचे. एकदा जामसरकडून आले ते धापा टाकतच आमच्या ओट्यावर बसले. तिकडे एक बाई बांधावरून पलीकडच्या डोंगरातल्या नवऱ्याला हाक मारत होती. हाक तीच, पण शेवटी सूर वर नेला की 'जेवायला ये' आणि खाली सोडला की 'तिथेच थांब, मी येते'. मास्तरांनी तिला चार वेळा हाक मारायला लावली. नवरा बिचारा चार वेळा निम्म्यात येऊन परत गेला. "सापडलं, वहिनी!" मास्तर म्हणाले. "अक्षरं वाढवायला नकोत. प्रत्येक शब्दाला चढ आणि उतार द्यायचा. चढ दिला की एक अर्थ, उतार दिला की त्याच्या उलट. ये आणि जा, ऊन आणि सावली, हवं आणि नको. एका शब्दात दोन्ही."

ही चढ-उताराची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांत आधी कळली ती सोमीला. सोमी साखरशेत गावची. आठवड्यातून एकदा मोळी घेऊन जव्हारला यायची आणि आमच्या दारात टेकायची. शाळेचं मराठी तिला अवघड जायचं, 'डोळा'ला 'डोला' म्हणायची, आणि आमच्या आळीतल्या बायका तिला तो शब्द मुद्दाम म्हणायला लावून हसायच्या. मास्तर मात्र तिच्यापुढे वही घेऊन बसत. यमुनेचे पाच-पंचवीस शब्द ती दोन आठवड्यांत बोलायला लागली. मी म्हटलं, "सोमे, तुला कसं गं जमतं?" तर म्हणाली, "त्यात काय हाय, बाय? आमी रानात अशाच हाका घालतू. तुमीच बोलताव सपाट." यमुना तिच्या मोळीवर बसून तिच्याशी बोलायची आणि दोघी मोठमोठ्याने हसायच्या. त्या आधी यमुनेचं हसू मी फारसं ऐकलं नव्हतं.

एका दुपारी मास्तर माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले. नेहमी बसायचे, त्या दिवशी बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, एक मागणं आहे. तुम्ही ही भाषा शिका."

"मी? मला तर लिहायला-वाचायलाही येत नाही."

"त्याची गरजच नाही. बोलायची आहे. मी दिवसभर शाळेत. सोमी आठवड्यातून एकदा. आणि..." ते थांबले. "माझ्या माघारी तिच्याशी बोलणारं कोणी तरी पाहिजे."

मी शिकायला लागले. दुपारची कामं आटोपली की यमुना आमच्या ओट्यावर यायची आणि शनिवारी मास्तर परीक्षा घ्यायचे. पहिल्यांदा ङ ने घात केला. आपण तो 'गंगा'च्या मध्ये म्हणतो, पण शब्दाच्या सुरुवातीला म्हणायला गेलं की जीभ अडते. यमुना माझा गळा बोटाने दाबून दाखवायची, इथून काढ म्हणून. ज्या दिवशी तो नीट निघाला, त्या दिवशी तिने टाळ्या पिटल्या. दोन महिन्यांत मला शंभरेक शब्द यायला लागले. एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो असताना ती मला म्हणाली, तिच्या भाषेत, की तुझ्या बांगड्यांचा आवाज मला झोपेतही ऐकू येतो. एवढं मोठं वाक्य तिने मला म्हटलं आणि ते मला कळलं. तसा आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

चढ-उतार मात्र मी टाळत होते. 'नुयो'ला चढ दिला की 'जाते', उतार दिला की 'जाऊ देऊ नका'. मला ऐकताना फरक कळायचा नाही आणि बोलताना लाज वाटायची. गाणं म्हटल्यासारखं वाटायचं. मी मास्तरांना म्हणायचे, "ते नंतर बघू. आधी शब्द होऊ द्या." ते म्हणायचे, "वहिनी, चढ-उतार नसला तर शब्द अर्धाच." मी म्हणायचे, "पुढच्या शनिवारी."

एकदा तळ्यावर धुणं धुताना यमुना माझ्याबरोबर होती. आम्ही बोलत होतो. आमच्याच आळीतल्या तिघीजणी पायऱ्यांवर आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर हंबरायला शिकली." तिघी हसल्या. मी मान खाली घातली. यमुनेने मला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मी मराठीत म्हटलं, "गप्प बस."

चार दिवसांनी आमच्या घरचे जेवताना ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. म्हणाले, "कचेरीत सगळे विचारतात, तुमची गाय किती दूध देते." एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं की घरात कामं फार झाली आहेत, आता शिकायला जमणार नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. नेहमीसारखी मान कलली. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि म्हणाले, "बरं." माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे न बघण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. यमुना मात्र काही दिवस दुपारी येऊन ओट्यावर बसायची. मी आतल्या घरात काम काढायचे. मग तिचं येणंही थांबलं.

पुढच्या वर्षी गावात तापाची साथ आली. शाळा बंद झाली. मास्तर तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठू शकेनात. मी पेज घेऊन गेले तेव्हा यमुना त्यांच्या उशाशी होती. नऊ वर्षांची. ती त्यांच्या कानाशी काही बोलत होती आणि ते चढ-उतारासकट उत्तर देत होते, इतक्या बारीक आवाजात की मला फक्त ओठ हललेले दिसत. मला बघून ते मराठीत म्हणाले, "वहिनी, शब्द तुम्हाला येतातच. तेवढा चढ-उतार यमुनेकडून शिकून घ्या. अवघड नाही. शिकाल ना?"

"शिकेन," मी म्हटलं.

ते पाचव्या दिवशी गेले.

मोखाड्याहून त्यांचे थोरले भाऊ आले. मोखाडा तेव्हा खालसात, इंग्रजी अमलात. तिथे ते एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. माणूस वाईट नव्हता. मुलीला जवळ घेऊन रडले. दिवसकार्य उरकून त्यांनी बिऱ्हाड आवरलं, भांडी बांधली, पुस्तकं शाळेला दिली. मास्तरांची वही उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात दिली. "ही गिचमिड मला तर कळत नाही. तुम्हाला काही कामाची असली तर ठेवा."

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. आळीतली माणसं जमली होती, कोणी रडत होतं, कोणी सामान चढवत होतं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. यमुना गाडीत मागे बसली होती. गाडी हलली तशी तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नुयो."

मला शब्द ओळखू आला. मी दोन पावलं पुढे झाले. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, गाडीच्या मागच्या फळीला धरून, "नुयो." मग तिसऱ्यांदा. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं की ती 'जाते' म्हणते आहे की 'जाऊ देऊ नका' म्हणते आहे. मी हात हलवला. सगळे हलवत होते तसाच. गाडी वळणावरून गेली.

पुढच्या आठवड्यात सोमी मोळी घेऊन आली. समोरच्या दाराला कुलूप बघून मोळी न टाकताच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. ती रडली, मग पदराने नाक पुसून म्हणाली, "जाताना पोर काय बोलली?"

"नुयो म्हणाली."

"तसा नाय, बाय. वर का खाली?"

मी तो शब्द पुन्हा सपाटच म्हणून दाखवला.

"वर का खाली?" तिने पुन्हा विचारलं. स्वतः दोन्ही तऱ्हांनी म्हणून दाखवलं. मी ऐकलं. मला तेव्हाही सांगता आलं नाही. सोमी मोळी तशीच डोक्यावर घेऊन पुढच्या आळीला गेली. त्यानंतर ती बरेच दिवस आमच्या दारात टेकली नाही.

माझा थोरला शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्याबरोबर पाटीवर मी अक्षरं गिरवली. घरच्यांना वाटलं, हौस आहे. मला ती वही वाचायची होती. वर्षभराने वाचता यायला लागली. प्रत्येक शब्दावर मास्तरांनी बारीक रेघ काढली होती, चढाला वर जाणारी, उताराला खाली येणारी. आणि सोमी, जी आता पुन्हा यायला लागली होती, तिच्याकडून मी चढ-उतार शिकले. तिने शिकवलं, पण हसली नाही. "आता शिकून कोणाशी बोलशील?" एवढं एकदा म्हणाली. मी स्वयंपाकघरात चुलीशी, जात्याशी बोलायचे.

यमुनेला गाठायला मला आणखी चार वर्षं लागली. आमच्या घरच्यांचं मोखाड्याकडे काही काम निघालं तेव्हा मी हट्टाने गाडीत बसले. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. परसात सूप घेऊन नाचणी पाखडत होती. तिची काकू म्हणाली, "बोला की तिच्याशी. बोलते ती. आम्हाला कळतं सगळं."

मी तिच्यासमोर बसले आणि वाटेत घोकलेलं वाक्य म्हटलं, एकही चढ-उतार न चुकवता: यमुना, मी तुझी भाषा शिकले, माझं चुकलं.

तिचा हात थांबला. मग ती मराठीत बोलली. तिच्या मराठीत क, ट, प कुठेच नव्हते. त्यांच्या जागा रिकाम्या राहत आणि ऐकणाऱ्याने त्या भरून घ्यायच्या. त्या घरातली माणसं आठ वर्षं त्या भरत होती. मलाही भरता आल्या.

"मावशी, ते बाबांचं होतं," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा संपलं. आता हेच बरं."

"जाताना तू गाडीतून मला काय म्हणाली होतीस?"

तिने आठवून बघितलं. खरोखर बघितलं, कपाळाला आठी घालून. मग मान हलवली. "मी काही म्हणाले होते?"

रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. तिला आठवत नव्हतं. तिने मला पाणी दिलं, भाकरी वाढली, माझ्या मुलांची नावं विचारली. वही मी बरोबर नेली होती. तिने ती हातात घेतली, बापाच्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि परत दिली. "तुमच्याकडे राहू दे. इथे पावसात भिजेल."

घरी आल्यावर वही ट्रंकेत ठेवण्याआधी मी शेवटची पानं पुन्हा चाळली. ती मी कितीदा वाचली होती, पाठही केली होती, पण शब्दांची यादी म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मी विचार करत वाचली. पहिल्या पानांवर पाणी, भाकरी, चिमणी, ताप, दुखतं, असे मुलीला लागणारे शब्द. शेवटी शेवटी शब्दांपुढे लिहिलेले अर्थ बदलले होते. 'आज वर्गात काय झालं ते ऐका.' 'थकलो.' 'तुमचं काय म्हणणं?' आणि सगळ्यांत शेवटी, शाई थोडी फिकट, एकच शब्द आणि त्यापुढे अर्थ: 'तुम्ही'.

तो शब्द यमुनेसाठी नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीला घरात कोणी तुम्ही म्हणत नाही आणि तिलाही बापाला तुम्ही म्हणायची सवय नव्हती. ती त्यांना 'तू'च म्हणायची. सोमीलाही मास्तर 'तू' म्हणत. मी मनातल्या मनात सगळी आळी फिरून आले, शाळा फिरून आले. ज्याला ते ही भाषा शिकवत होते आणि ज्याला तुम्ही म्हणत होते, असं माणूस त्या गावात एकच होतं.